वेसूत हळू बोलतात

"हुं बहेरी नथी, बेटा. धीमे बोल," सुधाबेन म्हणाल्या आणि हसल्या. मी बहिरी नाही, एवढंच. रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण रागाला माझ्याकडे उत्तरं असतात. पण त्या अगदी चांगल्या मनाने हसल्या, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि खोली दाखवायला पुढे चालू लागल्या. तोवर मी फक्त नाव सांगितलं होतं. चंचल हिलाल बडगुजर, मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. नाव, विषय, वर्ष, आणि तेवढ्यात या बाईला कळलं होतं की ही पोरगी ओरडते. मला मात्र एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण ते आमच्या गल्लीतल्या सगळ्यांबद्दल होतं, हवापाण्यासारखं. आमच्याकडे असं बोलतात, असं. सुरतेच्या वेसू भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर, पुसून चकचकीत केलेल्या फरशीवर मोज्यांनी उभी असताना ते पहिल्यांदा एकट्या माझ्याबद्दल झालं. त्यांच्यामागून चालताना मी घशाला हात लावून पाहिला, आवाज नेमका कुठून निघतो ते शोधायला.

खोलीत दोन खाटा होत्या. भिंतीकडची एका नवसारीच्या मुलीची, बाल्कनीकडची रिकामी. सुधाबेन कपाटाचा कप्पा दाखवत होत्या, गरम पाण्याची वेळ सांगत होत्या, आणि मी ऐकत होते ते दुसरंच. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. खरोखर टिकटिक. घड्याळ टिकटिकतं हे मी बालवाडीच्या गाण्यापासून ऐकत आले होते, पण आमच्या घरातलं घड्याळ कधी बोललेलं मला आठवत नाही; बोलत असलं तरी समजणार कुणाला? आत कुठेतरी फ्रिज सुरू झाला, मग थांबला, तेही कळलं. खाली रस्त्यावर कुणी गाडीचं दार लावलं. प्रत्येक आवाज एकेकटा यायचा, आपलं काम करून जायचा, आणि मग काहीच नसायचं. त्या 'काहीच नाही'त मी बसले, रिकाम्या खाटेच्या कडेवर, आणि मला ती खाट फार फार हवीशी वाटली. कॉलेज इथून चालत बारा मिनिटं. साडेसातचं प्रॅक्टिकल, ज्याच्यासाठी मी वर्षभर पहाटे उठून दोन बसगाड्या बदलत होते आणि तरी उशिरा पोचून दारात उभी राहत होते, ते प्रॅक्टिकल इथून बारा मिनिटांवर होतं. पण मी उगाच खोटं सांगणार नाही. प्रॅक्टिकल हे सांगायचं कारण होतं. मला ती शांतता पाहिजे होती.

"घर क्यां?" त्यांनी विचारलं. "डिंडोली," मी म्हणाले. या वेळी इतक्या हळू की मला दोनदा सांगावं लागलं. "सूरतमां ज? तो अहीं केम?" घर सुरतेतच आहे मग इथे कशाला, हा प्रश्न रास्तच होता. बाहेरगावची मुलगी खोली घेते, गावातली मुलगी घरातून भांडून निघते, असा सगळ्या खोलीवाल्यांचा हिशोब असतो. मी बस, अंतर, प्रॅक्टिकल, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, रविवारी पप्पांना घेऊन ये. "मोढुं जोईने चावी आपुं छुं." तोंड बघून चावी देते. कागदबिगद नंतर, आधी मुलगी कुणाची आहे ते डोळ्यांनी बघायचं, ही त्यांची पद्धत. वीस वर्षांत एकदाही फसले नाही, म्हणाल्या. मी हो म्हटलं. लिफ्टमध्ये शिरल्यावर आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि मनात पहिला विचार आला तो असा की पप्पा या लिफ्टमध्ये कसे बोलतील.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर उन्हाळ्यापासून एक यादी होती. शहरातल्या भागांची नावं, प्रत्येकापुढे कॉलेज किती दूर, पाणी कसं, मुलींना बरं की नाही. पर्वत पाटियापुढे लिहिलं होतं, 'जयंतमामा. मामी.' एवढंच पुरेसं होतं. जयंतमामा बँकेत आहे, बाहेर घरात सगळीकडे पुस्तकी मराठी बोलतो, मला लाडाने ये म्हणतो. मामी काही म्हणत नाही, आणि तिचं न म्हणणं घरभर ऐकू येतं. बाकीची नावं मी एकेक करून खोडली होती. आपण राहायला जागा शोधतो तेव्हा खरं काय शोधतो, असा मोठा प्रश्न मी त्या बसमध्ये स्वतःला विचारला, आणि उत्तर फार लहान निघालं. मला असा भाग पाहिजे होता जिथे मला कुणी ओळखत नाही आणि जिथून आमचं घर ऐकू येत नाही. वेसूकडून निघालेल्या त्या बसमध्ये माणसं गप्प असतात, कानांत काहीतरी घालून. शहराच्या मध्यापर्यंत तसंच चालतं. मग उधन्याकडची माणसं चढायला लागतात आणि बस हळूहळू मोठ्याने बोलू लागते. आमची अहिराणी, उडिया, भोजपुरी, सगळे ओरडून, आणि कुणीही भांडत नसतं. जेवलास का, हे सुद्धा इथे ओरडून विचारतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते ऐकून कानांवर हात ठेवावेसे वाटले, आणि ठेवले नाहीत याचं मी अजून स्वतःला श्रेय देते.

उधना तर माझं लहानपणच आहे. सात-आठ वर्षांची असताना शाळा सुटल्यावर मी पप्पांचा डबा घेऊन कापडाच्या कारखान्यात जायचे. लोखंडी जिना, वर लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग. बाहेरून येताना तो आवाज आधी पायांत शिरतो, मग छातीत, कानांत सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी मी दारातच रडायला लागले होते, आणि माझं रडणं मलाच ऐकू येत नाही म्हणून घाबरून गप्प झाले. मग पप्पा दिसले. दोन ओळींच्या मधून येत होते, केसांवर पांढरा कापूस, आणि माझ्याशी बोलत होते. आवाज नव्हता, फक्त ओठ. मोठे, सावकाश, गोल ओठ. 'काय लयनी?' काय आणलंस, एवढंच विचारत होते, आणि मला ते समजलं. तिथे कुणीच ओरडत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ओरडून उपयोगच नसतो. सगळे कारागीर बिनआवाजाचं बोलतात, या टोकाकडून त्या टोकाला, चेष्टा करतात, शिव्या देतात, गावाकडच्या बातम्या सांगतात. पप्पांनी मला शिकवलं. 'ओठ मोठा कर. आवाज नको काढू, आवाज काढात का तोंड वाकडं व्हस.' आवाज काढला की तोंड वाकडं होतं. मी महिनाभरात पटाईत झाले. आईला ते कधी नीट जमलं नाही, ती समजून घेते पण बोलता येत नाही. म्हणून तेव्हापासून ते माझं आणि पप्पांचं राहिलं. गणपतीच्या गर्दीत, लग्नाच्या बँडसमोर, रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही दोघं आरामात गप्पा मारतो आणि लोक बघत राहतात.

ओरडणं येतं ते घरी. तेवीस वर्षं त्या लूमपाशी उभं राहून पप्पांचे कान गेले आहेत. सगळे नाही, पण जेवढे गेलेत तेवढ्यात माणसांचे आवाज गेलेत. स्वतःचाही. त्यामुळे ते मोजून बोलू शकत नाहीत. मीठ मागतात ते तिसऱ्या घरात कळतं. आणि त्यांना कळावं म्हणून आम्हीही तसंच बोलतो. ते जाग्यावर नसले तरी तसंच बोलतो, सवयच झाली. पाचवीत पालकांची मीटिंग होती तेव्हा पप्पा आले होते, धुतलेला शर्ट घालून, आणि बाईंना म्हणाले, "मन्ही पोर कशी शे?" माझी पोर कशी आहे, साधा प्रश्न. पण पलीकडच्या वर्गातली मुलं उठून खिडकीत आली. बाई दचकल्या, मग हसू आवरत म्हणाल्या, हुशार आहे. पप्पांना हुशार एवढं ओठांवरून कळलं आणि ते घरी येईपर्यंत खुशीत होते. मी मात्र सातवीपासून मीटिंगची चिठ्ठी घरी दिलीच नाही. चिठ्ठी दप्तराच्या तळाशी घडी करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाईंना सांगायचं, पप्पा कामावर आहेत. ते खोटंही नसायचं. दिवसपाळी असली की कामावर, रातपाळी असली की झोपलेले.

अशा घरात गुपित कसं ठेवायचं, याची एक रीत असते, आणि ती आम्ही कुणी कुणाला न शिकवता शिकलो होतो. इतर घरांत लोक आवाज खाली करतात. आमच्या घरात आवाज खाली करून काही लपत नाही. उलट पुटपुटणारे ओठ पप्पांना सगळ्यात आधी दिसतात, कारण ते आयुष्यभर दुसरं काही ऐकतच आलेले नाहीत. त्यांच्यापासून काही लपवायचं तर पाठ करायची. किंवा पदर. आमची आई शोभाबाई चारचौघींत तोंडावर पदर धरते तेव्हा बायका तिला जुन्या वळणाची समजतात. खरं म्हणजे ती त्या वेळी माझ्या लग्नाचं काहीतरी बोलत असते. काकांच्या आजाराची बातमी गावाहून आली तेव्हा तिने ती मला भिंतीकडे तोंड करून सांगितली होती, अगदी मोठ्या आवाजात, आणि मागे पप्पा चहा पीत बसले होते. मलाही हे श्वास घेण्याइतकं ठाऊक होतं. म्हणून त्या बुधवारी मी जे केलं ते कसं केलं, हे मला अजून समजत नाही. एक तास वेसूत राहिले आणि माझ्यातलं हे वळण पुसलं गेलं. मी त्या घरातल्या मुलीसारखी वागले.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ होती. आई खाली बसून साडीला टिकल्या चिकटवत होती. घरात चालायला तेवढी एकच वाट असते, भिंतीपासून मोरीपर्यंत, बाकी सगळी साडी. पप्पांची त्या पंधरवड्यात रातपाळी होती आणि ते जायच्या आधी दाढी करत खिडकीशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. "चंचे, बस भेटनी का?" त्यांनी पाठमोरंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वस्तरा फिरवत राहिले. मी गॅसजवळ आईशेजारी बसले. "कशी शे व खोली?" आई म्हणाली. मी सांगितलं. खाट, बाल्कनी, बारा मिनिटं. मग रविवारचं सांगितलं. "मंग लई जाय ना पप्पाले," आई म्हणाली. घेऊन जा की पप्पांना, तिच्या दृष्टीने प्रश्न संपलाच होता. आणि मी आवाज खाली केला. इतका खाली की जवळजवळ उरलाच नाही. वेसूत शिकलेला नवा आवाज. "पप्पाले नको. पप्पा वरडतस. तठे कोणी वरडत नही, माय. ती बाई चावी देवाव नही. मी मामाले लई जासू. पप्पाले काही सांगू नको." आईने टिकली बोटावर तशीच धरली आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर खिडकीकडे बघत होती. मीही तिकडे बघितलं.

खिडकीच्या गजाला आरसा अडकवलेला होता. पप्पांची पाठ होती, पण आरशात त्यांचं तोंड होतं, अर्ध्या गालाला फेस, आणि डोळे माझ्यावर. किती वेळ होते कुणास ठाऊक. मी एक वाक्य बोलले असते तर सुटलंही असतं, पण मी सहा वाक्यं बोलले होते, आणि हळू, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. त्यांनीच शिकवलं होतं तसं. वस्तरा गालावर थांबलेला होता. मग तो पुन्हा चालू लागला, खालून वर, हनुवटीपाशी काळजीने. त्यांनी तोंड धुतलं, पुसलं, डबा उचलला. चपला घालताना म्हणाले, "मामाले लई जाय. त्याले कागद समजतस." मामाचं नाव मी मोठ्याने घेतलंच नव्हतं. आणि हे ते म्हणाले ते हळू. म्हणजे हळू म्हणायचा प्रयत्न केला. 'मामाले' कसाबसा ऐकू आला, 'कागद' एकदम मोठ्याने फुटला, आणि 'समजतस' नुसता श्वास निघाला. ते गेल्यावर आई म्हणाली, "पाठ करीसन बोलतीस ना व," आणि पुढची टिकली चिकटवली. ती मला रागावली नाही. पाठ करून बोलायचं होतंस, एवढी साधी चूक होती तिच्या मते.

नंतरचे तीन दिवस पप्पा तसंच बोलत होते. सकाळी कामावरून आले की चहा मागायचे, इतक्या खालून की आई दोनदा 'काय?' म्हणायची. "घसा बसना का आज?" तिने शुक्रवारी विचारलं आणि ते हसले. पण हळू म्हणजे किती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते आमच्या तोंडांकडे बघून अंदाज घेत होते. आम्ही दचकलो नाही म्हणजे जमलं, दचकलो म्हणजे फुटला. मी वही समोर धरून बसायचे आणि मला दिसायचं की ते एकेक वाक्य आधी ओठांवर जुळवतात, मग भीत भीत आवाज सोडतात. मग त्यांनी सोपा मार्ग काढला, कमी बोलायचं. शनिवारी दिवसभरात ते बहुतेक चार वाक्यं बोलले. आमचं घर शांत झालं. गल्लीत नेहमीचा गोंधळ होता, पलीकडे सूत गुंडाळायची वायंडिंगची मशीनं चालू होती, पण घरात कुणी बोलत नव्हतं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ही शांतता मी मागितली होती. ती घरपोच आली होती आणि मला ती सहन होत नव्हती.

माफी का मागितली नाही, असं कुणी विचारेल. मी स्वतःला रोज विचारत होते. इतर घरांत माणूस खाली मान घालून काहीतरी पुटपुटतो आणि समोरचा असू दे म्हणतो, झालं. आमच्या घरात पुटपुटून माफी मागायची सोय नाही. पप्पांसमोर जाऊन उभं राहावं लागतं, तोंड वर करावं लागतं, आणि ओठ मोठे करून एकेक अक्षर त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणावं लागतं. मी दोनदा समोर गेले. एकदा त्यांनी 'काय?' असं भुवईने विचारलं आणि मी म्हणाले, 'पाणी देऊ?' दुसऱ्यांदा त्यांच्या हातातला रिकामा कप घेऊन मोरीवर गेले. आणि हिशोब तर दुसराच होता, तो रात्रंदिवस मनात चालू होता. वेसूला गेले म्हणजे आमचं बोलणं संपलं. फोनवर पप्पा 'हां, बोल' एवढं म्हणतात आणि फोन आईकडे देतात. व्हिडिओवर तोंड मध्येच अडकतं, ओठ मागे राहतात, त्यांना काही अर्थ लागत नाही. म्हणजे चौदा किलोमीटरवर, त्याच गावात, मी राहणार आणि आम्ही दोघं रविवारी तेवढं एकमेकांना दिसलो तर बोलणार. बाहेरदेशी गेलेल्या मुलींचे बाप सुद्धा त्यांच्याशी रोज बोलतात. हे सगळं कळत असून मी मामाला फोन केला. मामा म्हणाला, "अवश्य येतो, नऊला तयार राहा."

रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर आला. पप्पा नुकतेच पाळीवरून आले होते, भुवयांवर अजून कापूस होता. माझं सामान एक बॅग, एक बादली आणि आईने रात्री गुंडाळून ठेवलेली गादी, कापडाच्या काठाच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली. स्कूटरवर मी, बॅग आणि बादली झाल्यावर गादीला जागा उरली नाही. मामा म्हणाला, रिक्षा बघू. पप्पांनी हाताने थांबवलं, काही न बोलता गादी उचलली आणि आपल्या मोपेडच्या मागे बांधायला लागले. आईने माझ्याकडे बघितलं. मी बादलीची कडी नीट करत होते. "दाजी, तुम्ही झोपा, आम्ही नेऊ काहीतरी करून," मामा म्हणाला, पण तो बोलला पप्पांच्या पाठीशी, त्यामुळे ते वाया गेलं. वाटभर मी मागे वळून बघत होते. ते आमच्यापासून ठराविक अंतर ठेवून येत होते, जवळ न येता, सिग्नलला सुद्धा दोन गाड्या मागे. उधन्यात एक ओळखीचा कारागीर पलीकडून जाताना त्यांना ओठांनी काही म्हणाला आणि पप्पांनी तसंच उत्तर दिलं. पोरले सोडाले जाई राह्यनू. मुलीला सोडायला चाललोय. ते सांगताना त्यांचं तोंड जसं झालं होतं ते मी बघितलं.

वेसूच्या त्या फाटकात वॉचमनने मामाला सलाम केला आणि पप्पांना सांगितलं, सामान जिन्याने. आम्ही लिफ्टने वर गेलो. सुधाबेननी मामाला बसवलं, सरबत आणलं, आणि दोघं सुरतेतल्या रस्त्यांच्या खोदकामाबद्दल छान हळू आवाजात बोलू लागले. मग दारात पप्पा आले, डोक्यावर गादी, तीन मजले चढून. श्वास लागलेला, पण तोंड घट्ट मिटलेलं, नाकाने श्वास घेत होते. आवाज होऊ नये म्हणून. चपला बाहेर काढून ते पावलं दाबत आत आले, मी खूण केली त्या खोलीत गेले, गादी खाटेवर टाकली नाही, टेकवली. पट्ट्या सोडल्या, गादी उलगडली, तळहाताने दोनदा दाबून सपाट केली. बाल्कनीचं दार उघडून बघितलं, नीट लागतं की नाही. मग बाहेर येऊन त्यांनी सुधाबेनना हात जोडले. ओठ सुद्धा हलवले नाहीत. सुधाबेन खरंच चांगल्या आहेत. त्यांनी पाण्याचा ग्लास स्वतः आणून दिला, आणि ते पाणी पिऊन, ग्लास दोन्ही हातांनी परत देऊन जिन्याकडे गेल्यावर कौतुकाने म्हणाल्या, "बहु सारा माणस. टेम्पोवाळा तो केटली बूमाबूम करे." फार चांगला माणूस, नाहीतर हे टेम्पोवाले किती आरडाओरडा करतात.

मामाने माझ्याकडे बघितलं. ते कोण हे सांगणं माझ्यावर सोडण्याइतका तो सभ्य आहे. सुधाबेननी वही उघडली, पेन दिलं, वडिलांचं नाव लिही म्हणाल्या. मी लिहिलं, हिलाल. त्यांनी ते वाचलं, मामाकडे बघून म्हणाल्या, "तो हिलालभाई, बँकमां?" "नाही, नाही, मी मामा," मामा म्हणाला. "अने पप्पा?" त्यांनी मला विचारलं. दार अजून उघडं होतं. जिन्यावरून उतरणारी पावलं मला ऐकू येत होती, त्या इमारतीत सगळंच ऐकू येतं. एक मजला उतरून झाला होता. मी म्हणाले, "पप्पा कामावर आहेत." इतक्या सुंदर हळू आवाजात म्हणाले की सुधाबेननी प्रेमाने मान हलवली, बघ, जमलं की नाही, अशी. आज मामाचं तोंड बघितलं, घरचं माणूसच आहे, पप्पांना नंतर कधी आण, म्हणाल्या. आणि चावी माझ्या हातात ठेवली. मामा सरबताच्या रिकाम्या ग्लासात बघत होता.

मी खोलीत गेले. गादीवर पप्पांच्या तळहाताचा दाब अजून होता. बाल्कनीत आले तर खाली ते मोपेडपाशी उभे होते, पट्ट्यांची गुंडाळी करून खिशात ठेवत. मग त्यांनी वर बघितलं, एकेक मजला मोजत, आणि मी दिसले. रस्ता रिकामा होता. रविवारची सकाळ, दोन्हीकडे उंच इमारती, सगळ्या खिडक्या बंद. तेवढ्या अंतरावरून कुणालाही ओरडावं लागलं असतं. आम्हाला लागत नाही. त्यांनी डोळ्यांवर उन्हासाठी हात धरला आणि ओठ मोठे, सावकाश, गोल केले, उधन्याच्या कारखान्यात दोन ओळींच्या मधून करायचे तसे. 'मना आवाज नही ना व्हयना?' माझा आवाज नाही ना झाला? त्यांना खरंच कळायला हवं होतं. चाचणी दिलेल्या मुलासारखं तोंड वर करून ते उत्तराची वाट बघत होते. मी मान हलवली. नाही. त्यांचं तोंड फुललं. खिशातला रुमाल काढून त्यांनी भुवया पुसल्या, हात वर केला, वळले, आणि किक मारली.

मोपेड सुरू झाली. मी कठड्यावर वाकले आणि ओरडले, "पप्पा!" डिंडोलीच्या आवाजात, मीठ मागायच्या आवाजात, जेवढा होता तेवढा. "पप्पा! थांबा!" समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली, मग तिच्या वरची. वॉचमन फाटकातून बाहेर येऊन मान वर करून बघू लागला. नवसारीची मुलगी झोपेतून उठून दारात आली. मामा आला. सुधाबेन धावत आल्या, पदर खोचत, घाबरलेल्या. "शुं थयुं? कोने बूम पाडे छे?" कुणाला हाक मारतेस? मी त्यांच्याकडे वळले आणि त्याच आवाजात सांगितलं, "माझ्या पप्पांना. ते गादी घेऊन आले ते माझे पप्पा आहेत." त्या एक पाऊल मागे सरकल्या. त्यांना ऐकू गेलं. त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. मी पुन्हा वळून ओरडले, पुन्हा पुन्हा, घसा फाटेपर्यंत. पप्पांची पाठ रस्त्याच्या टोकाला पोचली होती. तिथे मागून कुणीच येत नव्हतं, तरी त्यांनी नेहमीसारखा हात बाहेर काढून दाखवला आणि ते डावीकडे वळले.